टाकीवरची पांढरी पट्टी

ती घटना आठवली की आजही माझी मूठ आपोआप वळते. चोऱ्या, मारामाऱ्या, खून, सगळं पाहून निवृत्त झालो. गुन्हेगाराचा राग मला सहसा येत नसे, तो आमच्या धंद्याचाच भाग. या प्रकरणात मात्र राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. त्यातला काही स्वतःवरचा आहे, ते ओघात येईलच. नाव कुणाचंच सांगणार नाही, कारण खटला अजून कोर्टात आहे.

मी तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. दसरा होऊन तीन दिवस झाले होते. सकाळची हजेरी घेऊन मी स्टेशन डायरी वाचत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदारानं सरकारी दवाखान्यातून आलेली वर्दी समोर ठेवली. फळांचा गर काढणाऱ्या एका कारखान्यात सांडपाण्याच्या टाकीत उतरलेला कामगार दगावला होता. त्याला ओढून काढायला गेलेला दुसरा बेशुद्ध होता, पण जगेल असं डॉक्टर म्हणत होते. मेलेला माणूस शेळगावचा, पस्तिशीतला. अकस्मात मृत्यूची नोंद करून मी जीप काढली.

पेरू, डाळिंब, आंबा यांचा गर काढून डब्यात भरायचा आणि परदेशी पाठवायचा, असा तो कारखाना. पुढची बाजू दवाखान्यासारखी स्वच्छ. पाहुणे येतात ते तेवढंच बघून जातात. मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये ती टाकी. फळं धुतलेलं पाणी, साली, कोयी, सगळं तिथं जाऊन कुजायचं. शेडच्या दारात गेलो तरी सडक्या अंड्याचा वास नाकात भरत होता. या वासाची एक गंमत मला नंतर कळली. गंमत कसली, दगाबाजीच. गॅस थोडा असेल तर वास येतो. जास्त झाला की नाकच काम करेनासं होतं, माणसाला वाटतं वास गेला, आता उतरायला हरकत नाही. आणि तो उतरतो.

टाकीच्या वर, लोखंडी खांबाला, जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी बसवलेली होती. तिला पुढून काचेची छोटी खिडकी होती आणि खिडकीच्या आत कागदाची बोटभर पट्टी. पेटीवर हळदकुंकू वाळलेलं होतं. पेटीतून दोन वायरी निघून शेजारच्या भोंग्यात गेल्या होत्या.

व्यवस्थापक माझ्या मागेच उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज मऊ. "साहेब, हाच तो डबा," तो म्हणाला. "बारामतीत एक मुलगी बनवते. गॅस आला की आतला कागद काळा पडतो आणि भोंगा वाजतो, असं सांगून तिनं आमच्या गळ्यात मारला. बघा तुम्हीच. आत माणूस मेला, आणि कागद पांढराच्या पांढरा."

मी वाकून पाहिलं. कागद खरोखरच पांढरा होता. पेटीच्या बुडाशी तपासणीचं एक बटण होतं, ते दाबलं तर भोंगा ठणठणीत वाजला. म्हणजे वायरी शाबूत, भोंगा शाबूत, फक्त कागदानं दगा दिला होता. दोन पंच बोलावून पंचनामा केला, पेटी काढून लाखेचं सील मारलं आणि मुद्देमालात जमा करायला सांगितली. व्यवस्थापकानं मग मला त्याच्या थंडगार खोलीत नेलं, पेरूचा रस मागवला. बाहेर ऊन होतं, मी तो एका दमात प्यायलो. हे मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

निघताना तो हळूच म्हणाला, "कऱ्हाटीची आहे ती. कुठल्या घरातली आहे, चौकशी करा म्हणजे कळेल. आरक्षणात शिकायचं आणि असले उद्योग करायचे." मी काही बोललो नाही. तेव्हा बोलायला हवं होतं.

दुपारपर्यंत वरून दोन फोन आले. कारखाना शेकडो घरांचं पोट भरतो, परदेशी गिऱ्हाइकांसमोर बदनामी नको, दोष त्या डब्याचा आहे तर डबेवालीवर गुन्हा दाखल करा. फोनवरचा आवाज गोड होता. नोकरीत मी एक गोष्ट शिकलो होतो, खालून आलेली खबर तपासून घ्यावी लागते आणि वरून आलेली खबर त्याहून जास्त. पण त्या दिवशी शिकलेलं विसरलो. निष्काळजीपणानं मृत्यूस कारणीभूत, असा मसुदा लेखनिकाकडून लिहून घेतला, त्यात तिचं नाव घातलं आणि तिला दुसऱ्या दिवशी दहाला हजर राहण्याची नोटीस पाठवली. साक्षीदार स्त्रीचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, हा नियम मला माहीत होता. तिला संशयित म्हटलं की तो नियम आडवा येत नाही, हेही माहीत होतं.

ती पावणेदहालाच आली. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. बारामतीच्या एका तंत्रनिकेतनात शिकवत होती, आणि घरी कऱ्हाटीला एका खोलीत हे डबे तयार करत होती. सोबत वडील होते, एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले मेकॅनिक. त्यांना आम्ही आवाराबाहेर थांबायला सांगितलं. समोरच्या लिंबाखाली ते बसून राहिले. मुलीला मी भिंतीकडेच्या बाकावर बसवलं आणि दोन तास दुसरीच कामं केली. मुद्दाम. माणूस वाट बघून पिकतो, मग बोलतो, असं आम्ही मानत असू. चोराच्या बाबतीत ते खरंही आहे. ती चोर नव्हती. महिला हवालदारानं स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिला दिलं, तेवढंच.

बाराला मी तिला समोर उभं केलं. "कागद पांढरा कसा राहिला?" मी दरडावून विचारलं.

"सर, डबा कसा चालतो ते सांगू का?"

"मला शाळा शिकवू नकोस. विचारलं तेवढं सांग."

तरी तिनं सांगितलंच, शांतपणे. कागदावर शिशाचा एक क्षार चोपडलेला असतो. हा सडका गॅस लागला की तो तपकिरी होतो, मग काळा. आत एक बारीक दिवा त्या कागदावर उजेड टाकतो आणि शेजारचा एक डोळा परतलेला उजेड मोजतो. कागद काळवंडला की उजेड कमी परततो आणि डबा भोंग्याला सांगतो, वाज. परदेशी मीटर महाग म्हणून कारखानदार घेत नाहीत, घेतलं तर कपाटात ठेवतात. म्हणून तिनं स्वस्तातला स्वस्त डबा बनवला होता, टाकी तिथं एक डबा लावता यावा म्हणून.

"स्वस्तातला म्हणूनच बोगस निघाला," मी म्हणालो.

त्यावर ती पहिल्यांदा चिडली. "सर, त्या शेडमध्ये तुम्ही गेला होतात ना? तिथं पंधरा दिवस तुमचा पांढरा रुमाल टांगून ठेवा. गॅसचं सोडा, नुसत्या कुबट हवेनं पिवळा पडेल. आणि माझा कागद कोरा करकरीत? तो त्या दिवशी तिथं नव्हताच. कुणीतरी नंतर घातलाय. प्रत्येक पट्टीच्या मागं मी पेन्सिलनं नंबर टाकते. पंधरा दिवसांपूर्वी मी स्वतः पाच नंबरची लावून आले. सहा ते दहा त्यांच्याकडे पाकिटात दिल्या होत्या. आतल्या पट्टीचा नंबर बघा."

सील केलेला मुद्देमाल असा उघडता येत नाही. पंच बोलावले, पंचनामा करून सील फोडलं, चिमट्यानं पट्टी उलटी केली. मागं नऊचा आकडा होता.

मी तिची पट्ट्यांच्या नोंदीची वही पाहिली. 'पाच, टाकी' अशी नोंद होती. पण वही तिचीच, अक्षर तिचंच, ती कधीही लिहिता येते. मी तसं म्हणालो. साडेचारला तिला सोडलं. जाताना दारात थांबून ती म्हणाली, "सर, मला अटक करायची तर करा. पण तिथं शेजारी दुसरी टाकी आहे. तिच्यावरचा डबा कुणी बंद केलाय का, तेवढं आजच बघून घ्या. उद्या तिथंही कुणीतरी उतरेल."

अटकेच्या उंबरठ्यावर उभं असलेलं माणूस स्वतःसाठी काही मागतं. वकील मागतं, घरी फोन करायला मागतं. हिनं मागितलं ते दुसऱ्याच कुणासाठी. माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. मी दोन शिपाई पाठवून दुसऱ्या टाकीचं काम बंद करायला लावलं आणि कारखाना निरीक्षकाला लेखी कळवलं. मसुदा मात्र टेबलाच्या खणात तसाच ठेवला. गुन्हा दाखल केला नव्हता, पण मसुदा फाडलाही नव्हता.

खबर आली ती दुसऱ्या दिवशी, आठवड्याच्या बाजाराच्या गर्दीतून. त्या शेडमध्ये झाडलोट करणारी एक बाई भाजीची पिशवी घेऊन ठाण्यात शिरली. ठाणे अंमलदाराला वाटलं बाजारात पैसे चोरीला गेल्याची तक्रार असेल. ती थेट माझ्या खोलीत आली, पदराची गाठ सोडली आणि चांदीची जोडवी टेबलावर टाकली. तव्यासारखी काळी पडलेली.

"ह्ये बघा सायेब. दसऱ्याच्या आधी चिंच लावून लख्ख घासली व्हती. चार दिसात ह्ये असं झालं. त्या टाकीपशी काम केल्यावर आमच्या समद्याजनींची चांदी काळी पडती. आमाला काय कागद लागत न्हाय."

"मग भोंगा का वाजला नाही, मावशी?"

"वाजत न्हवता कुठं? पूजेच्या आदुगर दोन दिस नुसता बोंबलत व्हता. परदेशी पावणं येनार व्हतं. मॅनेजर म्हनला, ह्याचा गळा दाबा. वायरमननं वायरी काडल्या. सांगितलं मी त्यांस्नी, की माझ्या जोडव्यांकडं बघा. हसलं माझ्यावर."

"आणि त्या दिवशी तो खाली का उतरला?"

बाईनं डोळ्यांना पदर लावला. "पंप सालींनी तुंबला व्हता. त्यो म्हनला, सायेब, कागद काळा पडलाय, मी न्हाय उतरत. मॅनेजर म्हनला, धुळीनं काळा पडलाय त्यो, उतर, न्हायतर उद्यापासनं येऊ नगंस. मी झाडू घिऊन तितंच हुबी व्हती. उतरला बिचारा. वल्लं फडकं नाकाला बांधून उतरला."

"हे लिहून देशील?"

"माझं नाव कुठं घालू नका. माझी सून बी तितंच कामाला हाय." मग जोडवी परत गाठीत बांधता बांधता ती सहज म्हणाली, "खंडेनवमीला फोटू काडून घेतल्यात की त्या बिचाऱ्यानं. पूजेचं. त्याच्या बायकूला धाडलं असत्याल. त्यात बघा, कागूद पांढरा हाय का काळा."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. शेतकरी नांगर-ट्रॅक्टर पुजतो, चालक गाडी पुजतो. आमच्या ठाण्यातही शस्त्रागारातल्या रायफली मांडून आम्ही नारळ फोडतो. कारखान्यात ज्याच्या हाती जे यंत्र, तो त्याची पूजा करतो, आणि हल्ली त्याचा फोटो काढून घरी पाठवतो. हे मला ठाऊक असायला हवं होतं. पेटीवर वाळलेलं हळदकुंकू मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, पंचनाम्यात लिहूनही घेतलं होतं. तरी ते कधी लागलं आणि कुणी लावलं, हा प्रश्न मला पडला नव्हता.

मी त्याच दुपारी शेळगावला गेलो. मेलेल्या माणसाची बायको ओसरीवर बसली होती, शेजारी तिचा भाऊ. नवऱ्याचा मोबाइल त्याच्याबरोबर टाकीतच गेला होता. बायकोनं तिचा मोबाइल पुढं केला. "ह्यो शेवटचा फोटू त्येंचा," ती म्हणाली. "ह्यात हसत्यात बगा."

खांबावरच्या त्या पेटीशेजारी तो उभा होता, हातात ताम्हण, कपाळाला गंध. पलीकडे नारळ धरून व्यवस्थापक, तोच पांढरा शर्ट. मी चष्मा काढून मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि बोटांनी फोटो मोठा केला. खिडकीतला कागद चहाच्या चोथ्याच्या रंगाचा होता. भोंग्याच्या वायरी निसटून खाली लोंबत होत्या.

आणखी एक गोष्ट त्या फोटोत होती. पेटीच्या चारही कोपऱ्यांवर कुंकवाची बोटं उमटवलेली होती, झेंडूची माळ घातलेली होती, पण खिडकीच्या काचेवर काहीही नव्हतं. माळसुद्धा त्यानं एका बाजूला खोचली होती, काच झाकू नये म्हणून. नंतर मी त्या मुलीला याबद्दल विचारलं. ती म्हणाली, "आमच्याकडं खंडेनवमी नसते सर. पण तिथं असते हे मला माहीत होतं. मी टाकीवरच्या त्या दादांना म्हटलं होतं, पूजा करा, पण काचेला काही लावू नका, त्याला तिथूनच दिसतं." त्या माणसानं शब्द पाळला होता. आपल्या जिवाची राखण करणाऱ्या वस्तूची जेवढी काळजी त्यानं घेतली, तेवढी त्याची त्या कारखान्यात कुणी घेतली नाही. हे लिहितानासुद्धा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मोबाइल रीतसर पंचनामा करून ताब्यात घेतला, फोटो कधी काढला त्याची नोंद घेतली, आवश्यक ते प्रमाणपत्र जोडलं. मग वायरमनला बोलावलं. तो दहा मिनिटांत रडकुंडीला आला. वायरी त्यानंच काढल्या होत्या आणि माणूस मेल्यावर पोलीस येण्याआधी त्यानंच परत जोडल्या होत्या. दोन्ही वेळा हुकूम व्यवस्थापकाचा.

व्यवस्थापक वकिलाला घेऊन आला. मी त्याला खुर्ची दिली. तो खुर्चीवर बसणाराच माणूस होता, त्याला बाकावर बसवायची आमची कधी हिंमत होत नाही, हे आमच्या खात्याचं दुखणं आहे.

"डबा बोगस आहे, असं आपण म्हणालात," मी सुरुवात केली.

"शंभर टक्के."

"पट्टी शेवटची कधी बदलली?"

"आम्ही हातच लावत नाही त्याला. ती मुलगीच येऊन बदलते."

"तुमच्याकडे पट्ट्यांचं पाकीट आहे?"

"असेल. मला कल्पना नाही."

पाकीट त्याच्याच टेबलाच्या खणात मिळालं होतं, आमच्या माणसांनी सकाळी झडतीत जप्त केलं होतं. मी ते समोर ठेवलं. सहा, सात, आठ आणि दहा. मधली नऊ नव्हती. घाईत पाकिटात बोट घालून हाताला लागेल ती ओढली होती. मागं आकडे असतात हे त्याला माहीतच नव्हतं, कारण पाकिटासोबत त्या मुलीनं दिलेलं सूचनांचं पत्र त्यानं उघडून वाचलंच नव्हतं.

त्याचा मऊ आवाज जरा चिरका झाला. "साहेब, खरं सांगायचं तर चूक कामगारांचीच आहे. अडाणी लोक. खंडेनवमीला डब्यावर कुंकू फासलं. काच झाकली गेली, मग डब्याला दिसणार काय? मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, म्हणून मी गप्प होतो."

मी नोकरीत कुणावर हात उचलला नाही असं म्हणणार नाही. त्या क्षणी मात्र दोन्ही हात टेबलाखाली घट्ट धरून बसलो. आधी त्या मुलीवर खापर फोडलं. ते फुटेना, तेव्हा जो माणूस काच झाकू नये म्हणून माळ बाजूला खोचत होता, त्याच्याच माथी मारायला निघाला. मी फोटोची मोठी प्रत काढून घेतली होती. ती त्याच्यासमोर सरकवली.

त्यानं ती उचलून पाहिली. वकिलानंही मान पुढं करून पाहिलं आणि परत मागं घेतली.

"यात नारळ धरून उभे आहेत ते आपणच ना?" मी विचारलं.

त्यानं प्रत परत माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "एक ग्लास पाणी मिळेल?" मी शिपायाला सांगून पाणी दिलं.

गुन्हा दाखल झाला. मृत्यूस कारणीभूत होणं, पुरावा नष्ट करणं, खोटी माहिती देणं. वरून पुन्हा फोन आला, या वेळी गोड नव्हता. मी इतकंच म्हणालो, "साहेब, फोटो पाठवू का?" फोन ठेवला गेला. दोन महिन्यांनी माझी बदली झाली, ती व्हायचीच होती. झाडलोट करणाऱ्या मावशीनं नंतर स्वतः होऊन जबाब दिला, नावासकट. सुनेला तिनं दुसरीकडे कामाला लावलं होतं. कोर्टात ती जोडवी घेऊन उभी राहिली, तेव्हा समोरच्या वकिलानं विचारलं, "बाई, तुम्हाला रसायनशास्त्र येतं का?" ती म्हणाली, "न्हाय बा. मला चांदी घासाया येती." व्यवस्थापक जामिनावर बाहेर आहे. खटला तारखांवर तारखा घेत चालला आहे.

कामाच्या जागी माणूस मेला की आपण सगळे पहिला प्रश्न विचारतो, यंत्र का बिघडलं? मीही तोच विचारला. यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्या स्वस्त डब्यानं आपलं काम चोख केलं होतं, दोन दिवस ओरडून सांगितलं होतं. कागदानं सांगितलं, बाईच्या पायातल्या चांदीनं सांगितलं, उतरणाऱ्या माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. ऐकायला कुणी नव्हतं. आणि ठाण्यात तीच गोष्ट ती मुलगी मला सांगत होती, तेव्हा मीही त्या व्यवस्थापकासारखाच बसलो होतो. वही तिचीच, अक्षर तिचंच, असं म्हणून मोकळा झालो होतो. तिच्या जागी एखाद्या मोठ्या कंपनीचा सूटबूटवाला अभियंता असता, तर मी त्याला तसं म्हणालो असतो का? मला उत्तर ठाऊक आहे आणि ते मला आवडत नाही.

निवृत्तीनंतर गेल्या वर्षी मी कऱ्हाटीला गेलो. माफी मागायची होती, पण घरात शिरल्यावर जीभ जड झाली. दारावर पंचशील ध्वज, पडवीत दहा-बारा नवे डबे रांगेनं मांडलेले. ती आता कामगारांच्या खिशाला अडकवायच्या बिल्ल्याएवढ्या पट्ट्याही बनवते. शेळगावच्या त्या मेलेल्या कामगाराच्या बायकोचा भाऊ तिच्याकडे काम शिकतो आहे. मला पाहून ती हसली आणि "सर, बसा, चहा टाकते" म्हणून आत गेली.

तिचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणतात, माझ्यासमोर खाटेवर बसले. आतल्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सायेब, तुमचं उपकार हायती. पोरगी ठान्यात गेली तवा आमचा जीव टांगनीला लागला व्हता. पर सांजचं घरी आली आन म्हनली, आबा, सायबांनी खुर्ची दिली, च्या पाजला, नीट इचारलं. आईनं तिच्या तवा कुटं दोन घास खाल्लं."

मी मान खाली घातली. आवाज बारीक करून म्हणालो, "आबा, मी तिला खुर्ची दिली नव्हती. चहाही दिला नव्हता."

आबा जरा पुढं सरकले. त्यांनीही आवाज उतरवला. "म्हायती हाय मला. दिसभर समोर लिंबाखाली बसून व्हतो मी. खिडकी उगडी व्हती तुमची."

मी आतल्या दाराकडे पाहिलं.

"तिला वाटतंय मला ठावं न्हाय," ते म्हणाले. "तुमी बी बोलू नका काय."

तेवढ्यात ती ट्रे घेऊन बाहेर आली. "सर, साखर कमी घातलीय, चालेल ना?" मी मानेनंच हो म्हटलं आणि कप घेतला. त्या कारखान्यातला पेरूचा रस मी एका दमात प्यायलो होतो. हा चहा संपवायला मला फार वेळ लागला.